फिलिंग किती वर्षं टिकेल?



ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलायला तुम्ही मला बोलावलंत, हा मी मोठा मान समजते. आजचा विषय ऐकायला लहान वाटेल. वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या दातात भरलेलं फिलिंग किती दिवस टिकतं, एवढंच मी बोलणार आहे. पण या एका प्रश्नाच्या आत आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी कशी घेतो, हे सगळं दडलेलं आहे. म्हणून तो मी मुद्दाम निवडला.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात मी दातांची डॉक्टर म्हणून काम करते. दवाखाना आहेच, पण वृद्धांच्या केंद्रांत जाऊन पलंगापाशीच दात तपासणं आणि भरणं हे गेल्या काही वर्षांत माझं मुख्य काम होऊन बसलं आहे. तिथे मुलगा असो, सून असो, नाहीतर न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर आलेली मुलगी असो, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "डॉक्टर, हे किती वर्षं टिकेल?"

प्रश्न रास्त आहे. पैसे जातात, आईला त्रास होतो, रजा काढावी लागते. त्याला सरळ उत्तर द्यायला हवं, म्हणून आधी आकडे सांगते. चाळिशीतला माणूस, दोन्ही वेळा दात घासणारा, अधूनमधून तपासणीला येणारा, अशाच्या दाढेत नीट भरलेली चांदी दहा-पंधरा वर्षं सहज जाते. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आता चांदीच्या बरंच जवळ आलं आहे. मोठ्या अभ्यासांत अशी फिलिंगं वर्षाला शंभरात दोन-तीन या हिशेबाने निकामी होताना दिसतात. वय वाढलं की गणित बदलतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाने 65 वर्षांवरच्या रुग्णांच्या सुमारे नऊ हजार फिलिंगांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फिलिंगचं मध्यक आयुष्य सहा वर्षांच्या जरासं पुढे निघालं. म्हणजे निम्मी फिलिंगं साधारण सहा वर्षांच्या आतच गेली. दाताच्या जितक्या जास्त बाजूंना फिलिंग, तितकं ते लवकर गेलं.

आता यात आणखी एक पायरी उतरा. माणूस स्वतःच्या हाताने दात घासू शकत नाही. तो काय खातो, कधी खातो, हे दुसरं कुणी ठरवतं. दुखलं तर नीट सांगता येत नाही. अशा माणसाच्या दातात मी सहा वर्षांची खात्री देऊ शकत नाही. कधी तीन वर्षं देते, कधी दोन. कधी सहा महिन्यांत फिलिंगच्या कडेने पुन्हा कीड लागलेली दिसते. सिमेंट तेच असतं, हात तोच असतो. फरक तोंडात पडलेला असतो.

त्या तोंडात काय घडतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण नातेवाइकांना हे कुणी सांगत नाही.

केंद्रात गेल्यावर मी आधी दात बघत नाही, गोळ्यांचा डबा मागते. रविवार ते शनिवार खण असलेला प्लास्टिकचा डबा तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असते. अंगाला खाज येते म्हणून सेट्रिझिन. रात्री झोप लागत नाही किंवा पायांची आग होते म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन. लघवीवर ताबा राहत नाही म्हणून ऑक्सीब्युटिनिन नाहीतर सोलिफेनॅसिन. कंपवात असेल तर ट्रायहेक्सीफेनिडिल. यातली प्रत्येक गोळी गरजेची असू शकते, आणि यातली प्रत्येक गोळी तोंड कोरडं करते. एकत्र घेतल्या की परिणाम वाढतो. मग मी आरसा तोंडात घालते, तर तो गालाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि ओढून सोडवावा लागतो. हे दिसलं की उरलेली तपासणी करण्याआधीच मला कळतं, इथे फिलिंग लवकर जाणार.

लाळ आपल्याला दिसत नाही म्हणून आपण तिला मोजत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्न धुऊन नेते, आम्ल मारते, आणि दाताचं निघून गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत भरून देते. दात रोज थोडे झिजतात आणि रोज थोडे भरून निघतात, ते लाळेच्या जोरावर. लाळ आटली की नुसती झीज उरते.

दुसरी गोष्ट हिरड्यांची. वयानुसार हिरड्या खाली सरकतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं. दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचं कवच असतं, मुळावर ते नसतं. एनॅमल विरघळायला तोंडातलं आम्ल साधारण 5.5 पीएचपर्यंत जावं लागतं. मुळाचं डेंटिन 6.2 ते 6.7 लाच विरघळू लागतं. म्हणजे तरुणपणी ज्या चहा-बिस्किटाने काही बिघडत नव्हतं, त्याच चहा-बिस्किटाने आता मूळ किडतं. केंद्रांत चहा किती वेळा होतो ते बघा. सकाळी, अकरा वाजता, दुपारी झोपून उठल्यावर, कुठे संध्याकाळीही. बरोबर ग्लुकोज बिस्किट, चहात बुडवून मऊ केलेलं, कारण चावायला सोपं. जेवायला गुरगुट्या भात, खिमट, रव्याची खीर. गिळण्याची ताकद कमी झालेला माणूस हा मऊ घास गालात धरून ठेवतो. दुपारी दोन वाजता मी गाल बाजूला केला तर सकाळचा उपमा अजून तिथेच असतो. रात्री खोकल्याचं गोड औषध, त्यावर पाणी नाही, दिवा बंद.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची आणि आपल्या पिढ्यांची. आज जे पंच्याऐंशीच्या घरात आहेत त्यांतल्या अनेकांनी लहानपणी गावी राखुंडीने दात घासले. कोकणातल्या, घाटावरच्या किती तरी आजींनी आयुष्यभर मशेरी लावली. मुंबईत आल्यावर दंतमंजन आलं, मग कडक ब्रश. जोर लावून आडवं घासायची सवय मात्र राहिली. त्यामुळे दाताच्या मानेशी, हिरडीलगत, आडव्या खाचा पडतात. त्या खाचेत भरलेलं फिलिंग टिकवणं आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. तिथे दात चावताना किंचित वाकतो, हिरडीतून ओल येते, आणि कॉम्पोझिटला तर पूर्ण कोरडी जागा लागते. दवाखान्यात, खुर्चीवर, सक्शन चालू असताना ती कोरडी ठेवता येते. पलंगावर, मान हलत असताना नाही ठेवता येत.

आधीच्या पिढीत हा प्रश्न इतका नव्हता, कारण दातच नव्हते. साठीला आलेल्या माणसाचे दात काढून कवळी बसवणं ही रीत होती. नायर दंत महाविद्यालय मुंबईत 1933 पासून आहे, देशात दंतवैद्यकाचा कायदा झाला 1948 मध्ये, पण दात वाचवण्याची चिकित्सा सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात यायला पुढची काही दशकं जावी लागली. मग रेल्वेत, बँकेत, महापालिकेत, कारखान्यांत नोकरी करून उपनगरांत घर केलेल्या माणसांनी दात भरून घेतले, रूट कॅनाल करून घेतलं, कॅप बसवल्या. हे आपल्या समाजाचं मोठं यश आहे. ती माणसं आता स्वतःचे अठरा-वीस दात घेऊन केंद्रात येतात, आणि तिथली सगळी व्यवस्था अजून कवळीसाठी बेतलेली असते. कवळी काढून पेल्यात ठेवता येते. तोंडातल्या कॅपखालचं मूळ तिथेच घासावं लागतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं शंभरात दहाच्या आसपास होती. केंद्र सरकारच्या लोकसंख्येच्या अंदाजानुसार 2036 पर्यंत ती सतराच्या आसपास जातील. बोरिवलीची, मुलुंडची एखादी जुनी सोसायटी पाहिली तर हा अंदाज आपल्याला आजच खरा झालेला दिसतो.

आता प्रत्यक्ष फिलिंगकडे येऊ. घाटकोपरच्या एका केंद्रातले काका आहेत. कंपवात आहे. आडवं झोपवलं की ठसका लागतो, म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल देऊन त्यांना अर्धवट बसवायचं. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसतात. हात धरला की काकांची मान कमी हलते, हे मला मावशींनीच दाखवलं. मी डोक्याला दिवा बांधते. खालच्या सुळ्याच्या मुळाशी तपकिरी खड्डा आहे. "काका, आता फक्त खरवडणार, मशीन नाही," असं म्हणायचं आणि खरोखरच मशीन लावायचं नाही.

लहान चमच्यासारख्या टोकाच्या हत्याराने खड्ड्याच्या कडांवरची मऊ कीड काढायची. तळाशी टणक लागलं की थांबायचं, थोडी डागाळलेली तळाची कीड राहिली तरी चालते, कारण वरून सील झाल्यावर तिचं खाणं तुटतं. कडा मात्र स्वच्छ हव्यात, फिलिंगची पकड तिथेच असते. मग सौम्य आम्लाचा बोळा दहा-पंधरा सेकंद, ओल्या कापसाने दोनदा पुसणं, कोरड्या कापसाने एकदा. मावशी पॅडवर पावडर आणि द्रावण पुढे करतात. आता अर्ध्या मिनिटात घोटून सिमेंट तयार करायचं, ते चकाकत असतानाच भरायचं. चमक गेली की ते दाताला धरत नाही. वरून हातमोज्याच्या बोटाला व्हॅसलीन लावून दाबायचं आणि बोट तसंच धरून ठेवायचं. ती दोन-तीन मिनिटं काका माझ्या डोळ्यांत बघत असतात. मग जादा सिमेंट काढायचं, वर पुन्हा व्हॅसलीन, आणि मावशींना सांगायचं, तासभर काही देऊ नका. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, लिफ्टपर्यंतची व्हीलचेअर नाही, रिक्षा नाही.

या सिमेंटला ग्लास आयोनोमर म्हणतात. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते शोधलं आणि 1972 मध्ये जगापुढे मांडलं. त्याचे तीन गुण वृद्धांच्या तोंडासाठी फार मोलाचे आहेत. ते दाताशी रासायनिक बंधाने जुळतं, थोडी ओल सहन करतं, आणि आजूबाजूच्या दाताला फ्लोराइड देत राहतं. हाताच्या हत्यारांनी कीड काढून असं सिमेंट भरायची पद्धत 1980 च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात यो फ्रेंकेन या डच दंतवैद्यकतज्ज्ञाच्या कामातून उभी राहिली. जिथे वीज नाही, खुर्ची नाही, पाण्याची लाइन नाही अशा गावांसाठी ती होती. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 च्या जागतिक आरोग्य दिनाला तिचा पुरस्कार केला. मुंबईत वीज आहे, पाणी आहे, मोठमोठी दंत महाविद्यालयं आहेत, तरी चौथ्या मजल्यावरच्या लिफ्ट नसलेल्या घरापर्यंत किंवा पलंगाला खिळलेल्या माणसापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. त्या माणसाच्या बाबतीत मुंबई आणि टांझानियाचं ते गाव यात फरक उरत नाही.

ही पद्धत दुय्यम आहे का, असं मला अनेकदा विचारतात. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या विद्यापीठात 65 वर्षांवरच्या सुमारे शंभर रुग्णांच्या तीनशे फिलिंगांवर याचीच परीक्षा घेतली गेली. निम्म्यांच्या आसपास हाताने भरली, बाकीची ड्रिल आणि भूल वापरून. दोन वर्षांनी हाताने भरलेल्यांपैकी 85 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने भरलेल्यांपैकी 91 टक्के टिकून होती. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक फरक मानावा इतका ठरला नाही. मी तो अभ्यास वाचला तेव्हा पलंगापाशी काम करताना मनात असलेली धाकधूक गेली.

तरी हे सिमेंट कमजोर आहे, हे लपवून चालणार नाही. ते झिजतं, दाढेच्या चावण्याच्या मोठ्या भागात तुटतं, अगदी कोरड्या तोंडात तर वाळून भेगाळतं. इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जिने माझा विचार बदलला. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलेल्या रुग्णांच्या लाळग्रंथी जळून जातात. परळच्या टाटा रुग्णालयातून उपचार घेऊन घरी परतलेली अशी माणसं मुंबईच्या प्रत्येक उपनगरात आहेत. अशा कोरड्या तोंडांत ग्लास आयोनोमर आणि कॉम्पोझिट यांची तुलना करणारे अभ्यास झाले. जे रुग्ण फ्लोराइडची जेल नियमित लावत नव्हते, त्यांच्यात ग्लास आयोनोमरची फिलिंगं जास्त झिजली, जास्त पडली. पण पडल्यावर खाली पाहिलं तर त्या दातांत नवी कीड फारच कमी होती. कॉम्पोझिटची फिलिंगं जागेवर होती, आणि त्यांच्या कडेने दात किडून चालला होता.

आता सांगा, यातलं कोणतं फिलिंग टिकलं?

मी हा प्रश्न नातेवाइकांपुढे ठेवते. आपल्याला फिलिंग टिकवायचं आहे की दात? की त्याहीपुढे जाऊन आईचं जेवण आणि आईची झोप? शहाऐंशी वर्षांच्या आजींच्या दातात तीन वर्षं बसलेलं, त्या तीन वर्षांत एकदाही न ठणकलेलं, पडल्यावर वीस मिनिटांत पलंगावरच पुन्हा भरता आलेलं फिलिंग हे माझ्या मते उत्तम फिलिंग आहे. पंधरा वर्षांच्या हिशेबाने त्याला नापास करणं हे त्या आजींच्या आयुष्याकडे न बघता फक्त सिमेंटकडे बघणं आहे. उलट, पासष्टीच्या धडधाकट माणसाला मी असं सिमेंट भरून पाठवणार नाही. त्याला आणखी वीस वर्षं चावायचं आहे.

दात काढून टाकू, कटकट संपेल, असाही एक सल्ला असतो. तो देताना विचार करावा. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन किंवा आठवड्याला अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी घेणाऱ्या माणसाचा दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो. तो धोका मोठा नाही, पण झाला तर महिनोन्‌महिने निस्तरावा लागतो. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या तर जवळजवळ प्रत्येकाला असतात. म्हणून मोडका का होईना, न दुखणारा, स्वच्छ ठेवता येणारा दात तोंडात राहिलेला बरा.

जिथे भरणंही शक्य नाही, तिथे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे. 38 टक्क्यांचं हे द्रावण किडक्या जागेवर बारीक ब्रशने लावायचं, एक मिनिट थांबायचं. कीड थांबते, जागा कडक होते आणि कायमची काळी पडते. जपानमध्ये ते 1970 पासून वापरात आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला आणि ग्लास आयोनोमरला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. समोरचा दात काळा होणार म्हणून मुली नको म्हणतात. मला त्यांचं मन कळतं, कारण आईचं हसू त्यांना जसं आठवतं तसंच हवं असतं. म्हणून मी आधी आजींनाच विचारते. ज्यांना समजतं त्यांतल्या बऱ्याच जणी म्हणतात, "दुखायचं थांबेल ना? मग लाव बाई."

हे सगळं झालं माझ्या हातातलं. आता जे माझ्या हातात नाही त्याकडे वळते, आणि आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. केंद्रात राहणाऱ्या माणसाचं फिलिंग किती टिकेल हे सिमेंटवर जेवढं अवलंबून असतं त्याहून कितीतरी जास्त रात्री आठ वाजता ब्रश कुणाच्या हातात आहे यावर असतं. मी महिन्यातून एकदा येते, अर्धा तास असते. उरलेला सगळा वेळ तोंड मावशींच्या हाती आहे.

आणि मावशींना कुणी शिकवलेलं नसतं. अंघोळ कशी घालायची, कूस कशी बदलायची, डायपर कसा बदलायचा, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे मावशी पुरवणारं ब्युरो किंवा केंद्र शिकवतं. दुसऱ्याचे दात कसे घासायचे हे शिकवत नाहीत. दुसऱ्याच्या तोंडात हात घालणं हे मनाला जड जातं, आणि समोरचा माणूस चावेल, मारेल अशी भीती असते. मग सकाळी ब्रशवर पेस्ट लावून हातात दिला जातो आणि आजी तो पुढच्या चार दातांवर फिरवतात. "ब्रश झाला" अशी नोंद होते.

मी शिकवते ते असं. समोर उभं राहू नका, समोरून आलेला हात म्हाताऱ्या माणसाला अंगावर आल्यासारखा वाटतो. मागे किंवा बाजूला उभे राहा, डाव्या हाताने हनुवटीला आधार द्या, डोकं तुमच्या अंगाला टेकू द्या. आधी नुसता ओला ब्रश ओठांना लावा, काय करणार ते सांगा, नावाने हाक मारा. ओठ आवळून धरले असतील तर तर्जनी गालाच्या आतून मागे सरकवा, दातांच्या मध्ये नाही, गाल आणि दाताच्या मध्ये. तिथे चावता येत नाही. आधी गालातलं अन्न बोटाला गुंडाळलेल्या ओल्या गॉजने काढा. मग लहान डोक्याचा मऊ ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर धरा, कारण कीड तिथे लागते. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढीच. थुंकता येत नसेल तर त्याहून कमी, आणि शेवटी गॉजने पुसून घ्या. चूळ भरायला लावू नका, फ्लोराइड धुऊन जातं. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कायदेशीर मर्यादा 1000 पीपीएम आहे, आणि ते प्रमाण ट्यूबवर छापावं लागतं. परदेशात अशा रुग्णांना 5000 ची पेस्ट लिहून देतात. आपल्याला आहे ती तरी दोन वेळा दाताला लागलेली हवी. सकाळचा ब्रश चुकला तर चालेल, रात्रीचा नको, कारण रात्री लाळ आणखी कमी होते.

हे केल्याने फक्त दात वाचत नाहीत. जपानमध्ये योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 नर्सिंग होममध्ये दोन वर्षं अभ्यास केला. निम्म्या रहिवाशांचे दात परिचारिका किंवा काळजीवाहक प्रत्येक जेवणानंतर घासत होते आणि दंतवैद्य आठवड्याला तपासत होते. बाकीच्यांचं नेहमीसारखं चाललं होतं. नेहमीसारखं चाललेल्यांपैकी 19 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, दात घासून दिलेल्यांपैकी 11 टक्क्यांना. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोंडातले जंतू घशातून फुप्फुसात उतरतात, आणि गिळायला त्रास असलेल्या माणसात ते रोजच उतरत असतात. आयसीयूचं बिल ज्यांनी भरलं आहे त्यांना या आठ टक्क्यांचा अर्थ सांगायला नको.

एक गोष्ट नातेवाइकांसाठी. विसरभोळेपणा वाढलेला माणूस "दात दुखतो" असं म्हणत नाही. तो चमचा ढकलतो. एका बाजूने खातो. आवडीचं आइस्क्रीम नको म्हणतो. ब्रश जवळ आणला की हात मारतो. रात्री उठून बसतो. "बाबा हल्ली फार चिडचिड करतात" असं केंद्रातून कळवलं आणि झोपेची गोळी वाढवायची चर्चा सुरू झाली, तर गोळीआधी कुणीतरी बॅटरी घेऊन तोंडात बघावं. नव्या झोपेच्या गोळीने तोंड आणखी कोरडं होईल हेही लक्षात ठेवावं.

आता पैशाची आणि व्यवस्थेची बाजू, थोडक्यात. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं कवच ऑक्टोबर 2024 मध्ये मिळालं, ही चांगली गोष्ट झाली, पण ते रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. पलंगापाशी भरलेल्या फिलिंगचा खर्च त्यात बसत नाही. खासगी आरोग्य विम्यातही साधारणपणे बसत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाचा 2007 चा कायदा रुग्णालयात वेगळी रांग, खाटा, जुनाट आजारांवर उपचार यांविषयी बोलतो. दातांचा उल्लेख त्यात नाही. तोंड हा शरीराचा भाग नाही अशीच जणू आपल्या सगळ्या योजनांची धारणा आहे, आणि ती मला मनापासून चुकीची वाटते.

म्हणून माझी एक मागणी आहे, ती या व्यासपीठावरून करते. नायर दंत महाविद्यालय मुंबई महापालिकेचं आहे. मुलुंडचा टी वॉर्ड, घाटकोपरचा एन, अंधेरीचे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य हेही महापालिकेचेच. दंतवैद्यकाच्या पदवीत शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं असतं, आणि प्रत्येक महाविद्यालयात समाज दंतवैद्यक हा विभाग असतोच. वॉर्डातल्या वृद्धांच्या केंद्रांची यादी वॉर्ड ऑफिसने करावी. महिन्याला एकदा दोन इंटर्न आणि एक शिक्षक तिथे जावेत. लागतं ते एका पिशवीत मावतं, हाताची हत्यारं, ग्लास आयोनोमर, सिल्व्हर द्रावणाची बाटली, डोक्याचा दिवा. पहिल्या भेटीत फिलिंग करू नये. पहिल्या भेटीत फक्त मावशींना ब्रश शिकवावा आणि प्रत्येक पलंगाच्या चार्टवर, रक्तदाब आणि साखरेच्या खाली, तोंडाचा एक रकाना वाढवावा. रात्री दात घासले का, कुणी घासले, रक्त आलं का, खाताना त्रास झाला का. दुसऱ्या भेटीपासून भरायला सुरुवात करावी.

खासगी केंद्रांच्या चालकांपैकी काही जण आज इथे आले आहेत. त्यांच्यासाठी या चार्टचा नमुना मी आणला आहे, मराठीत आणि हिंदीत, कारण अनेक मावशी हिंदी वाचतात. तो बाहेर टेबलावर ठेवला आहे. ज्यांचे आई-वडील केंद्रात आहेत त्यांनीही एक प्रत न्यावी, आणि पुढच्या रविवारी भेटायला जाल तेव्हा मावशींना विचारून, त्यांच्या सोबतीने, एकदा स्वतः आईचे दात घासून बघावेत.